जनुक शाबूत, स्टार्टर वेगळा: वारशाने आलेले व्हेरियंट कर्करोगात काय करतात?



‘कर्करोग आनुवंशिक असतो का?’ असा प्रश्न पीएच.डी.च्या मुलाखतीत आला की आपण बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही दोन नावं सांगतो आणि मोकळे होतो. उत्तर चुकीचं नाही, पण फार अपुरं आहे. या जनुकांमधल्या घातक बदलांमुळे बहुतेक वेळा प्रथिनच बिघडतं. मात्र गेल्या वीसेक वर्षांत हजारो लोकांचे जीनोम तपासून आजारांशी जोडलेले जे व्हेरियंट सापडले, त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त प्रथिन लिहिणाऱ्या भागात नाहीतच. ते दोन जनुकांच्या मधल्या ओसाड वाटणाऱ्या पट्ट्यात असतात, नाहीतर इन्ट्रॉनमध्ये. प्रथिन अगदी शाबूत असतं. बदलतं ते एवढंच, की ते जनुक कुठल्या पेशीत, कधी आणि किती चालणार.

विहिरीवरच्या मोटरचं उदाहरण घ्या. मोटर चांगली असूनही पाणी कमी येतंय, तर आपण आधी स्टार्टर पाहतो, मग तीन शेतं ओलांडून डीपीपर्यंत जातो. जनुक ही मोटर, त्याला लागून असलेला प्रमोटर हा स्टार्टर, आणि लांब कुठेतरी असलेला एन्हान्सर म्हणजे ती डीपी. ही उपमा पुढे एके ठिकाणी तुटते, ते तिथेच सांगतो.

कर्करोगाकडे जाण्याआधी मी तुम्हाला सिकलसेलकडे नेणार आहे. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, आणि भिल्ल, पावरा, मावची अशा समाजांत सिकलसेलचे वाहक आणि रुग्ण दोन्ही आढळतात. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळेत शिकलेल्या कुणालाही ‘एएस’ आणि ‘एसएस’ ही अक्षरं विचारा, बारावीचं पुस्तक न उघडता सांगेल. म्हणजे आनुवंशिकतेचा अर्धा अभ्यास आपल्याकडे घरचाच आहे. मग परदेशी पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणापासून सुरुवात कशाला करायची?

बीटा ग्लोबिन जनुकाच्या सहाव्या कोडॉनमध्ये ‘जीएजी’चं ‘जीटीजी’ होतं. एक अक्षर बदलतं, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं, आणि ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. हा झाला प्रथिन बदलणारा व्हेरियंट. पण दोन ‘एसएस’ रुग्ण घेतले, दोघांमध्ये अगदी तेच अक्षर बदललेलं असलं, तरी एकाला वर्षातून चार वेळा दुखण्याचा झटका येतो आणि दुसऱ्याला क्वचितच. असं का होतं?

याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक मोठं कारण म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन. आईच्या पोटात असताना बाळ गॅमा ग्लोबिन वापरतं. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाची जनुकं जवळपास बंद होतात आणि बीटा सुरू होतं. ज्यांच्यात गॅमा पूर्ण बंद होत नाही, त्यांच्या लाल पेशी वाकायला जास्त वेळ लागतो. आणि गॅमा किती चालू राहणार, यावर वारशाने आलेल्या काही व्हेरियंटचा ताबा असतो.

त्यातला पहिला गॅमा जनुकाच्या अगदी दारात आहे. एचबीजी२ जनुकाच्या सुरुवातीच्या १५८ अक्षरं अलीकडे एका जागी ‘सी’ऐवजी ‘टी’ असतो. एक्सएमएन-वन नावाचं एन्झाइम तिथे डीएनए कापतं, म्हणून त्याला एक्सएमएन-वन पॉलिमॉर्फिझम म्हणतात. भारतातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचं जनुक बहुतांशी ‘अरब-इंडियन’ हॅप्लोटाइपवर बसून येतं, आणि त्या हॅप्लोटाइपवर हा ‘टी’ असतो. म्हणून आपल्याकडच्या रुग्णांत गर्भ-हिमोग्लोबिन आफ्रिकेतल्या अनेक रुग्णांपेक्षा जास्त दिसतं. (यावरून ‘भारतातला सिकलसेल सौम्यच असतो’ असा निष्कर्ष काढणारे लेख तुम्हाला सापडतील. सरसकट तसं नाही. जास्त गर्भ-हिमोग्लोबिन असूनही गंभीर आजारी असलेले रुग्ण आहेत.)

इथे एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढे सगळीकडे ती लागणार आहे. तो ‘टी’ एकटा येत नाही. शेजारपाजारच्या इतर कितीतरी अक्षरांसोबत तो एकाच बैलगाडीतून येतो. गाडी दारात आली की गर्भ-हिमोग्लोबिन जास्त दिसतं, एवढंच आपल्याला माहीत असतं. गाडीतल्या नेमक्या कुठल्या पाहुण्याने काम केलं, हे नुसत्या आकडेवारीतून कळत नाही. याला लिंकेज डिसइक्विलिब्रियम म्हणतात. ‘व्हेरियंट अमुक आजाराशी जोडलेला आहे’ आणि ‘व्हेरियंटमुळे अमुक आजार होतो’ या दोन वाक्यांतलं अंतर ओलांडण्यात कित्येक प्रयोगशाळांची दहा-दहा वर्षं गेली आहेत.

दुसरा व्हेरियंट मला जास्त आवडतो. तो ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर नाहीच, तो आहे २ क्रमांकावर, बीसीएल११ए या जनुकाच्या आत. हे जनुक गॅमा ग्लोबिन बंद ठेवणारं प्रथिन बनवतं. २००७-०८ मध्ये मोठ्या लोकसमूहांच्या तपासणीत इथले व्हेरियंट गर्भ-हिमोग्लोबिनशी जोडलेले दिसले, आणि २०१३ मध्ये कळलं की त्या जनुकाच्या दुसऱ्या इन्ट्रॉनमध्ये एक एन्हान्सर आहे, जो लाल पेशींच्या वंशातच काम करतो. तिथलं एक अक्षर बदललं की जीएटीए१ नावाचं प्रथिन नीट बसत नाही, बीसीएल११ए थोडं कमी बनतं आणि गॅमावरचं झाकण किंचित उघडं राहतं. म्हणजे हा व्हेरियंट आपल्या शेजारच्या जनुकावर थेट परिणाम करतो, त्याला म्हणायचं ‘सिस’. आणि त्या जनुकामार्फत दुसऱ्याच गुणसूत्रावरच्या गॅमावर जो परिणाम होतो, तो ‘ट्रान्स’. मुलाखतीत सिस-ट्रान्सचा फरक विचारला तर हेच उदाहरण द्या. याच एन्हान्सरला क्रिस्परने कापणारी उपचारपद्धती, कॅसजेव्ही, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये मंजूर झाली. आणि बीसीएल११ए हे नाव कुठून आलं? ‘बी-सेल ल्युकेमिया/लिम्फोमा’. हे जनुक बी-पेशींच्या कर्करोगात, गुणसूत्रांच्या अदलाबदलीच्या जागी सापडलं होतं. सिकलसेलवाल्यांना ते नंतर भेटलं.

आता कर्करोग.

गाठीतल्या पेशीत दोन प्रकारचे बदल असतात. एक जन्मापासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत असलेले, म्हणजे वारशाने आलेले. आणि दुसरे आयुष्यात नंतर त्या पेशींच्या वंशात झालेले, म्हणजे सोमॅटिक. कर्करोगाच्या जीनोमवरचे बहुतेक प्रकल्प दुसऱ्या प्रकारच्या शोधात निघाले होते. त्यासाठी रुग्णाच्या गाठीसोबत त्याच्या रक्ताचाही डीएनए वाचतात आणि रक्तात जे आहे ते वजा करतात. आपला विषय नेमका तोच, वजा करून बाजूला ठेवलेला भाग.

चांगलं उदाहरण हवं असेल तर न्यूरोब्लास्टोमा घ्या. लहान मुलांमधला हा कर्करोग सिम्पथेटिक मज्जासंस्थेच्या अपक्व पेशींतून होतो, बऱ्याचदा ॲड्रिनल ग्रंथीत. एलएमओ१ नावाच्या जनुकाच्या पहिल्या इन्ट्रॉनमध्ये एका जागी बहुतेक लोकांत ‘जी’ असतो, काहींत ‘टी’. ‘जी’ असेल तर तिथे ‘जीएटीए’ असा शब्द तयार होतो, त्यावर जीएटीए३ प्रथिन बसतं, मोठा एन्हान्सर जागा होतो आणि गाठीत एलएमओ१ जोरात चालतं. ‘टी’ असेल तर शब्द होतो ‘टीएटीए’. जीएटीए३ला बसायला जागा नाही, एन्हान्सर झोपलेला, आणि अशा मुलांना या कर्करोगाचा धोका कमी. २०१५ साली ‘नेचर’मध्ये हे काम आलं. बीसीएल११एच्या गोष्टीशी साम्य बघा: तिथे जीएटीए१, इथे जीएटीए३. एकाच घराण्यातली दोन प्रथिनं, दोन वेगळ्या पेशी, आणि दोन्हीकडे एका अक्षराने त्यांचं आसन हललेलं.

मोटरची उपमा इथे तुटते. शेतातली डीपी सगळ्या मोटरींना सारखीच वीज देते, दिवस कुठलाही असो. एन्हान्सर तसा नाही. तो फक्त ठरावीक पेशीत आणि बऱ्याचदा ठरावीक काळातच चालतो. एलएमओ१चा हाच व्हेरियंट त्या मुलाच्या यकृतातही आहे, त्वचेतही आहे. पण जिथे तो एन्हान्सर चालूच नसतो, तिथे ‘जी’ असो की ‘टी’, फरक दिसायचं कारणच नाही.

हे सगळं शोधायचं कसं? मुख्य साधन म्हणजे ईक्यूटीएल. नाव अवघड आहे, गणित सोपं. समजा ३०० रुग्णांच्या गाठी आहेत. एका जागी १२० जणांत ‘एए’, १४० जणांत ‘एजी’ आणि ४० जणांत ‘जीजी’ आहे. (हार्डी-वाइनबर्ग बसतंय का ते वहीवर करून पाहा. बसतंय.) शेजारच्या जनुकाचं सरासरी एक्स्प्रेशन या तीन गटांत अनुक्रमे १०, १४ आणि १८ आलं. म्हणजे प्रत्येक ‘जी’मागे ४ ने वाढ. ही रेषा, तिचा उतार, आणि तो उतार निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता किती, एवढंच ईक्यूटीएल. साधारणपणे जनुकाच्या दोन्ही बाजूंचे दहा लाख अक्षरांपर्यंतचे व्हेरियंट तपासतात. वीस हजार जनुकं, प्रत्येकाभोवती हजारो व्हेरियंट, म्हणजे कोट्यवधी चाचण्या. ०.०५ चा उंबरठा इथे काही कामाचा नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

निरोगी ऊतींत हे काम बऱ्यापैकी सुरळीत चालतं. जीटेक्स या अमेरिकन प्रकल्पाने ८३८ मृत दात्यांच्या ऊतींतून असा नकाशा केला. गाठीत मात्र घोळ होतो. गाठीतल्या पेशींत एखादं जनुक दोनऐवजी सहा प्रतींत असू शकतं. सहा प्रती म्हणजे एक्स्प्रेशन आपोआप वर, आणि वारशाने आलेल्या व्हेरियंटचा बारीक परिणाम त्या गोंगाटात बुडून जातो. म्हणून २०१३ मध्ये स्तनाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या एका गटाने आधी प्रतींच्या संख्येचा आणि मेथिलेशनचा परिणाम हिशेबातून काढून टाकला आणि मग उरलेल्या एक्स्प्रेशनवर ईक्यूटीएल लावलं. आज ही पायरी गाळलेला पेपर दिसला तर मी पुढचं वाचायची घाई करत नाही. दुसरी अडचण अशी, की ‘गाठ’ म्हणून आपण जो तुकडा घेतो त्यात कर्करोगाच्या पेशींसोबत रक्तवाहिन्या असतात, रोगप्रतिकारक पेशी असतात, संयोजी ऊती असतात. तुम्ही मोजलेलं एक्स्प्रेशन कुणाचं?

यावर एक छान तोड आहे: ‘एजी’ असलेला रुग्ण. त्याच्या एकाच पेशीत एक गुणसूत्र ‘ए’वालं, एक ‘जी’वालं. वय तेच, तंबाखूची सवय तीच, औषधं तीच, पेशींची सरमिसळही तीच. आता आरएनए वाचताना कुठल्या गुणसूत्रावरून जास्त प्रती आल्या ते मोजा. ५०-५० च्या जागी ७०-३० दिसलं तर फरक त्या दोन प्रतींमध्येच आहे. हे झालं ॲलील-स्पेसिफिक एक्स्प्रेशन. रुग्ण स्वतःच स्वतःचा कंट्रोल. गाठीत मात्र एकच पथ्य पाळायचं: त्याच गाठीच्या डीएनएमध्ये दोन्ही प्रती खरोखर समसमान आहेत ना, ते आधी पाहायचं. नाहीतर ७०-३० हे नियंत्रणामुळे नसून केवळ एक प्रत जास्त झाल्यामुळे आलेलं असतं.

आता एक असं प्रकरण सांगतो, जिथे हे नेहमीचं साधन हात टेकतं. ८ क्रमांकाच्या गुणसूत्रावर मिक हे प्रसिद्ध कर्करोग-जनुक आहे. त्यापासून सुमारे ३ लाख ३५ हजार अक्षरं दूर एक व्हेरियंट आहे, आरएस६९८३२६७. त्याचा ‘जी’ प्रकार मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढवतो. २००९ मध्ये दिसलं की ती जागा एन्हान्सर आहे, ‘जी’ असेल तर तिथे एक प्रथिन जास्त घट्ट बसतं, आणि डीएनएची घडी पडून ती जागा मिकला जाऊन भिडते. मग संशोधकांनी आतड्याच्या नमुन्यांत पाहिलं: ‘जी’ असलेल्यांत मिक जास्त चालतंय का? स्पष्ट संबंध दिसला नाही! कित्येकांनी इथे हात झटकले असते. २०१२ मध्ये उंदरांतून तो एन्हान्सरच कापून टाकला. उंदीर ठणठणीत राहिले, आणि आतड्यात गाठी होण्याला त्यांचा प्रतिकार वाढला. परिणाम खरा होता, पण मोठ्या ऊतींच्या सरासरीत तो दिसत नव्हता. कदाचित तो मोजक्या पेशींत आणि गाठ बनण्याच्या सुरुवातीच्या काळातच होत असावा. ‘ईक्यूटीएल सापडलं नाही’ म्हणजे ‘परिणाम नाही’ असं कधीही लिहू नका.

आणि व्हेरियंट ज्या पेशीत काम करतो तीच पेशी कर्करोगाची होते, असंही नाही. यासाठी पुन्हा सिकलसेलकडे यावं लागतं. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात, मेड्युलात, होणारा रीनल मेड्युलरी कार्सिनोमा हा अत्यंत दुर्मीळ पण आक्रमक कर्करोग जवळजवळ केवळ सिकलसेलचं जनुक असलेल्या तरुणांत दिसतो, त्यातही जास्त करून वाहकांत. १९९५ मध्ये त्याचं स्वतंत्र वर्णन झालं. बीटा ग्लोबिन मूत्रपिंडाच्या पेशीत चालत नाही. मग संबंध कसा? मेड्युलात मुळातच ऑक्सिजन कमी आणि क्षारांचं प्रमाण जास्त. तिथे वाहकाच्याही लाल पेशी वाकू शकतात, रक्तपुरवठा अडतो, आणि त्या ताणात शेजारच्या मूत्रपिंड-पेशींचा डीएनए तुटण्याची शक्यता वाढते, असा सध्याचा विचार आहे. या गाठींत एसएमएआरसीबी१ हे जनुक गेलेलं किंवा बंद पडलेलं असतं. ते गेलं की क्रोमॅटिनची मांडणी बिघडते आणि शेकडो जनुकांची सक्रियता एकदम बदलते. वारशाने आलेलं अक्षर रक्तात, आणि उलथापालथ मूत्रपिंडात. तुमच्या ओळखीत कुणी ‘एएस’ असेल तर त्यांना घाबरवायला हे वापरू नका. हा आजार इतका दुर्मीळ आहे की बहुसंख्य वाहकांना तो कधीच होत नाही. लघवीतून रक्त जात असेल तर मात्र अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवायचं आणि आपण वाहक आहोत हे त्यांना सांगायचं, एवढंच.

आता या सगळ्यातला माझ्या दृष्टीने सर्वात टोचणारा भाग. ही साधनं कुणाच्या ऊतींवर तयार झाली? जीटेक्सचे सुमारे ८५ टक्के दाते युरोपीय वंशाचे अमेरिकन आहेत. टीसीजीए या कर्करोगाच्या मोठ्या प्रकल्पात ३३ प्रकारचे कर्करोग आणि अकरा हजारांच्या आसपास रुग्ण आहेत, पण तिथेही बहुसंख्य युरोपीय वंशाचेच. अडचण फक्त वंशाची नाही, अवयवांचीही आहे. २०१७ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने भारतीय रुग्णांमधल्या पित्ताशयाच्या कर्करोगावर जीनोमभर अभ्यास झाला आणि ७ क्रमांकाच्या गुणसूत्रावर एबीसीबी१-एबीसीबी४ या जनुकांच्या भागात धोका वाढवणारे व्हेरियंट सापडले. एबीसीबी४ पित्तात फॉस्फोलिपिड सोडणारं प्रथिन बनवतं, म्हणजे जागा तर्काला धरून आहे. पुढचा प्रश्न साहजिक: हे व्हेरियंट पित्ताशयात त्या जनुकांची सक्रियता बदलतात का? जीटेक्समध्ये पित्ताशय नाही. टीसीजीएत पित्ताशयाचा वेगळा प्रकल्प नाही. तोंडाच्या कर्करोगाचं बघा. तंबाखू, गुटखा, मिस्री यांनी गालाच्या आत आणि हिरडीवर होणारा कर्करोग आपल्याकडे किती आहे हे वेगळं सांगायला नको. नवी मुंबईची ॲक्ट्रेक आणि कल्याणीची एनआयबीएमजी यांनी मिळून याच कर्करोगावर भारताचा जीनोम प्रकल्प केला, २०१३ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष आले. पण निरोगी गालाच्या अस्तराचा ईक्यूटीएल नकाशा हवा म्हणून जीटेक्स उघडलंत, तर अन्ननलिकेचं अस्तर मिळेल, गालाचं नाही.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. नोंदीत आपण पहिले असू शकतो. ऊतींच्या नकाशात अख्खा देशच अजून कोपऱ्यात आहे. जीनोमइंडिया प्रकल्पाने दहा हजारांच्या आसपास भारतीय जीनोम वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रामार्फत, अर्जाच्या अटीवर, संशोधकांना खुली झाली. ही मोठी गोष्ट आहे. पण तो रक्तातला डीएनए आहे. कुठलं अक्षर आहे ते त्यातून कळतं, त्या अक्षरामुळे पित्ताशयात किंवा गालात काय होतं ते नाही कळत.

नमुने गोळा करायला आपल्याच भागात जाऊ, असं तुमच्या मनात येईल. जरूर जा, पण सिकलसेलच्या तपासणीने इथे काय शिकवलं ते आधी ऐका. ‘एएस’ असा शिक्का बसलेल्या मुलीच्या लग्नाची बोलणी त्या एका कागदावर थांबू शकतात. व्हेरियंटची माहिती एका माणसाची नसते, त्याच्या भावंडांची आणि मुलांचीही असते. म्हणूनच टीसीजीएत एक्स्प्रेशनचे आकडे कुणालाही उतरवून घेता येतात, पण वारशाने आलेल्या व्हेरियंटसाठी रीतसर परवानगी लागते. भिलोरी किंवा पावरीत समजावून न सांगता फक्त मराठी फॉर्मवर घेतलेल्या अंगठ्याला मी तरी संमती म्हणणार नाही.

आता थोडं हाताने करून बघा. जीटेक्सचं पोर्टल मोफत आहे, मोबाइलवरही उघडतं. त्यात आरएस६९८३२६७ टाका. मोठ्या आतड्याच्या दोन्ही ऊतींत मिकसाठी काय दिसतं ते पाहा आणि वर सांगितलेल्या उंदरांची आठवण ठेवा. मग बीसीएल११ए उघडा आणि स्वतःला विचारा: जीटेक्समधलं ‘संपूर्ण रक्त’ हे त्या एन्हान्सरचा परिणाम शोधायला योग्य ठिकाण आहे का? प्रौढ माणसाच्या फिरत्या लाल पेशीत केंद्रक नसतं. मग कुठली पेशी घ्यायला हवी, किती दात्यांची, आणि ती मिळवायची कशी, हे पानभर लिहून काढा. पुढच्या लेखात कोलोकलायझेशन घेऊ: धोक्याचा व्हेरियंट आणि ईक्यूटीएलचा व्हेरियंट एकच आहेत, की एकाच बैलगाडीतले दोन वेगळे पाहुणे, हे कसं ठरवतात ते.